धान्य आषाढात पोचलं पाहिजे

पोरी,

पालघरच्या मोखाड्याहून रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज मी तीनदा वाचला. ‘रेशन फुकट आहे तरी म्हातारी उपाशी, आणि आपलं मुलुंडचं गोडाऊन भरलेलं. मग आपण नक्की काय करतोय?’ तू रडत होतीस हे कळलं. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

रेशनला नावं ठेवू नकोस. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो मिळतात, सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो. जानेवारी 2023 पासून तेही मोफत. ते थांबलं तर आपल्यासारख्या शंभर संस्था मिळूनही ती जागा भरू शकणार नाहीत. पण हिशेब कर ना! लावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या बाईला रोज 400 ग्रॅम तरी धान्य लागतं. 5 किलो तेराव्या दिवशी संपतात. त्यात डाळ नाही, तेल नाही. कोटा अजून 2011 च्या जनगणनेवरचा. त्यानंतर वेगळ्या चुली झाल्या, मुलं जन्मली, ती नावं चढता चढत नाहीत. उरलेले दिवस घरची कणगी, म्हणजे धान्य साठवायची मोठी टोपली, निभावते. तेव्हा कणगी कधी रिकामी होते, एवढंच आपण विचारायचं.

कार्तिकात भात आणि नागली (नाचणी) घरात येते. दिवाळी झाली की माणसं उचल घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, पावसाआधी परततात. तोवर उचल फिटलेली, कणगी तळाला गेलेली, लावणी सोडली तर मजुरी नाही, ओढ्यांना पाणी. म्हणून सांगतो, धान्य आषाढात पोचलं पाहिजे.

मुंबईला मात्र दिवाळीत देण्याची आठवण होते. मीही पहिली चार वर्षं दिवाळीतच वाटलं. सोसायट्या द्यायच्या, ऑफिसं द्यायची, टेम्पो भरायचा, फोटो निघायचे. पाचव्या वर्षी भर आषाढात दुसऱ्याच कामाला खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर गेलो. एका घरात गळत्या कौलाखाली आमच्या संस्थेचं नाव छापलेली पिशवी अंथरली होती. चुलीवर नुसता रानभाजीचा पाला शिजत होता. बाई तक्रारीच्या सुरात बोललीच नाही. ‘तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडे भात होता,’ एवढंच म्हणाली, आणि तळहाताने कणगी थोपटून दाखवली. तो पोकळ आवाज मी विसरलेलो नाही. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, ते सगळं मी वाचलेलं होतं. वाचूनही दिवाळीतच वाटत होतो.

तेव्हापासून मी हट्टी झालो. एका मोठ्या देणगीदाराला नोव्हेंबरातच बॅनर लावून कार्यक्रम हवा होता. नाही म्हटलं, देणगी गेली. एका वर्षी साठवलेल्या तांदळाला टोके लागले, सहा पोती टाकावी लागली. माझा जवळचा सहकारी ‘तुम्ही धान्य सडवता’ म्हणून निघून गेला. त्याचं जाणं अजून लागतं. पण चूक साठवण्यात नव्हती, ओल्या फरशीवर पोती ठेवण्यात होती. आता फळ्या आहेत, दर महिन्याला चाळणी आहे, आणि तांदळापेक्षा नागली जास्त घेतो, तिला सहसा कीड लागत नाही. हे तुला आल्या दिवशीच सांगितलं होतं, तू लक्ष दिलं नाहीस.

फाल्गुनात गोडाऊन भरलेलं दिसतं ते त्याच आषाढासाठी. आज साऱ्या पाड्याला वाटलंस तर बरं वाटेल तुला. आषाढात तिथे कोण जाणार, काय घेऊन?

त्या म्हातारीचं वेगळं आहे. मुलगा भट्टीवर, ही मागे राहिलेली, आणि झिजलेला अंगठा मशीन घेत नाही, असं लिहिलंयस. मग हिचा आषाढ आजच आहे. उद्या सकाळी तांदूळ, डाळ, तेल पोचव, वहीत माझ्या नावावर मांड. नंतर तिला हाताला धरून रेशन दुकानात जा आणि नोंद होईपर्यंत तिथून हलू नकोस. पाड्यावर अशी मागे राहिलेली आणखी किती आहेत ते घरोघर जाऊन बघ. कणगी थोपटून बघ, नुसतं विचारू नकोस. लाजेने खरं सांगत नाहीत.

शनिवारी सहाला गोडाऊनवर ये. तूरडाळ उन्हात घालायची आहे.

तुझा,
काका