काळ्या जमिनीत लाकडी घर बांधताना

भाऊ, तुमच्या लाकडी घराचा नकाशा पाहिला. पश्चिमेची छपरापर्यंतची काच आधी काढा. चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिच्यामागं बसणार कोण? तिकडं न्हाणीघर अन् कोठीची खोली घ्या, तळ्याकडचं मोठं दार उत्तरेला. पडवी मात्र ऐसपैस करा, राहणं तिथंच होतं.

जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ राहिला की सांगाडा हलतो अन् दारं अडकतात. मुरूम लागेपर्यंत खाली जा, जोतं दोन फूट वर घ्या. लाकूड मातीला कुठंच टेकू देऊ नका, उधई म्हणजे वाळवी सोडत नाही.

सागवान बल्लारपूरच्या सरकारी लिलावातलं घ्या, वाहतुकीचा परवाना जपून ठेवा. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच भागातलं लाकूड गेलं. पण सगळंच सागाचं करायचा हट्ट कशाला? खांब-तुळया सागाच्या, भिंतींच्या कुडाला कीड रोखणाऱ्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू चालतो. चकचकीत पॉलिश नको, उन्हानं सोलून निघतं. जवसाचं तेल बरं.

छपराला कवेलू म्हणजे कौलं शोभतात, पण वानरं ती फोडतात. खाली पत्रा टाका. आणि आवारातलं मोहाचं झाड तोडू नका, नकाशाच चार हात सरकवा.