वाचकांचे प्रश्न : डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नसेल, तर बायोसमध्ये काय पाहावे?

प्रश्न : आमच्याकडे सुटे भाग जोडून घेतलेला जुना डेस्कटॉप असून त्यावर विंडोज १० आहे. पावसाळाभर तो बंदच होता. आता सुरू केला, तर 'धिस पीसी'मध्ये डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. गावच्या भजनी मंडळाच्या आणि घरातील लग्नकार्यांच्या सीडी मला पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या आहेत. बेळगावातील एक दुकानदार नवीन ड्राइव्ह घ्यायला सांगतो, तर दुसरा म्हणतो की आधी बायोस पाहा. बायोसमध्ये कसे जायचे आणि तेथे नेमके काय पाहायचे?
— एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : दुसऱ्या दुकानदाराचा सल्ला योग्य आहे. बायोस, म्हणजे मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर) साठवलेला मूळ प्रोग्रॅम, विंडोजच्या आधी चालू होतो आणि जोडलेले ड्राइव्ह स्वतः ओळखतो. त्यामुळे दोष विंडोजमध्ये आहे की ड्राइव्ह, केबल किंवा मदरबोर्डमध्ये, हे तेथे एका नजरेत कळते. ते कळण्यापूर्वी नवीन ड्राइव्हवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकाचे बटण दाबताच 'डिलीट' ही कळ थांबून थांबून दाबत राहावी. जोडणी केलेल्या संगणकांत बहुधा हीच कळ चालते. डेलमध्ये एफ २, तर एचपीमध्ये एफ १० असते. कीबोर्ड यूएसबीचा असेल, तर तो मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावा. तरीही थेट विंडोजच उघडत असेल, तर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे आणि 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' या क्रमाने जावे. यूईएफआय ही बायोसची नवी पद्धत आहे; जुन्या पद्धतीच्या बायोसवर हा शेवटचा पर्याय दिसत नाही. तेथे कळच दाबावी लागते.

आत गेल्यावर साटा पोर्टची, म्हणजे मदरबोर्डवर ड्राइव्ह जोडण्याच्या जागांची, यादी शोधावी. डीव्हीडी ड्राइव्हचे नाव तेथे कंपनीच्या ओळखीच्या नावाने येईलच असे नाही. एलजीच्या ड्राइव्हसमोर 'एचएल-डीटी-एसटी' अशी अक्षरे असतात, म्हणून यादी नीट वाचावी. ज्या पोर्टला ड्राइव्ह जोडला आहे, तो 'डिसेबल्ड' असेल तर 'एनेबल्ड' करावा आणि एफ १० दाबून बदल जतन करावा. 'एएचसीआय' किंवा 'आयडीई' असे लिहिलेल्या पर्यायाला मात्र हात लावू नये, कारण तो बदलल्यास विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. तारीख आणि वेळही पाहून घ्यावी. ती मागे पडली असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटणसेल संपली आहे आणि त्यामुळे सेटिंग्ज मूळ स्थितीला गेल्या असण्याचा संभव आहे.

यादीत ड्राइव्हचे नाव नसेल, तर प्लग काढून कॅबिनेट उघडावे. ड्राइव्हला दोन जोडण्या असतात, अरुंद ती ७ पिनांची डेटा केबल आणि रुंद ती १५ पिनांची विजेची. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या पिनांवर गंज चढतो, म्हणून दोन्ही जोडण्या काढून, कोरड्या ब्रशने पुसून पुन्हा घट्ट बसवाव्यात. बटण दाबल्यावर ट्रे बाहेर येत असेल, तर ड्राइव्हला वीज मिळत आहे. मग डेटा केबल बदलून किंवा ती दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी. एवढे करूनही नाव दिसले नाही, तरच ड्राइव्ह बदलण्याचा विचार करावा.

नाव बायोसमध्ये दिसते आणि विंडोजमध्ये दिसत नाही, असे असेल तर काम सोपे आहे. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) ड्राइव्हवर पिवळे चिन्ह असल्यास त्यावर उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे आणि संगणक रीस्टार्ट करावा; विंडोज ड्राइव्ह पुन्हा ओळखून घेते.

ड्राइव्ह चालू झाल्यावर भजनांच्या सीडी आधी उतरवाव्यात, कारण लग्नाच्या सीडीची दुसरी प्रत नातेवाइकांकडे मिळू शकते. मंडळाच्या कार्यक्रमाची बहुधा एकच असते.