शाखा जोडताना: पोर्ट उघडा ठेवू नका

प्रश्न: आमची दादरला पॅथॉलॉजी लॅब आणि ठाणे, मुलुंड, वाशीला कलेक्शन सेंटर्स आहेत. सेंटरवाले रिमोट डेस्कटॉपने दादरच्या सर्व्हरवर यायचे. त्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला होता. इंटरनेट कंपनी बदलल्यापासून जोडणीच होत नाही. काय करावं?
– एक वाचक, दादर

उत्तर: जोडणी बंद पडली ते बरंच झालं, तो पोर्ट पुन्हा उघडू नका. पासवर्ड ओळखून पाहणारे प्रोग्राम ३३८९वर रात्रंदिवस धडका मारत असतात आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) अनेकदा याच वाटेने शिरतं. पोर्टचा आकडा बदलूनही भागत नाही, स्कॅनरला नवा आकडाही सापडतो.

आता राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. अशा लाइनवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवणं, चालतच नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतंत्र पत्ता) विकत घेऊन दादरलाच वायरगार्ड (ठिकाणं कुलूपबंद वाटेने जोडणारा व्हीपीएन प्रोग्राम) बसवा, नाहीतर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक जीबी रॅमचा छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन त्यावर तो बसवा. चारही ठिकाणं त्या सर्व्हरला आतून बाहेर जोडली जातील. त्यावर वायरगार्डसाठी फक्त यूडीपी ५१८२० पोर्ट उघडा, आयपी फॉरवर्डिंग (एका ठिकाणची माहिती दुसरीकडे पुढे पाठवणं) चालू करा आणि एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायचं लॉगिन, पासवर्डने नव्हे, किल्लीच्या फाइलनेच ठेवा.

त्याआधी पत्ते बदला. चारही राउटर १९२.१६८.१ वरच असतील, तर माहितीचं पाकीट कुठे धाडायचं हे कुणालाच कळणार नाही. दादरला १०.२०.१, ठाण्याला १०.२०.२, असे क्रमाने द्या. वायरगार्डची खासगी किल्ली (यंत्राची ओळख पटवणारा गुप्त संकेत) ज्या यंत्राची त्याच यंत्रावर तयार करा. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. दादरला आणि तिन्ही सेंटरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (जोडणी जिवंत ठेवणारा इशारा) २५ सेकंद ठेवा, म्हणजे राउटर वाट बंद करणार नाही.

सर्वांत जास्त घोळ 'अलाउड आयपीज'मध्ये, म्हणजे कोणत्या ठिकाणाकडे कोणते पत्ते आहेत त्या यादीत, होतो. क्लाउड सर्व्हरवर मुलुंडची नोंद ठाण्यावरून कॉपी करून पत्ता बदलायचा राहिला, तर शेवटच्या नोंदीला तो पत्ता मिळतो. ठाणं गुपचूप बंद पडतं आणि चूक संदेश कुठेच दिसत नाही. क्लाउड सर्व्हरवर 'डब्ल्यूजी शो' (wg show) ही आज्ञा लिहून प्रत्येक सेंटरसमोर त्याचाच पत्ता आहे ना, ते ताडून पाहा. तिथेच शेवटच्या हँडशेकची, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवल्याची, वेळ दिसते. ती तीन मिनिटांपेक्षा जुनी असेल तर जोडणी तुटली आहे.

लॉगिन होतं, पण रिपोर्टची पीडीएफ अडकते? मग एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा, बघा. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२०. पीपीपीओई लाइनवर (राउटरमध्ये कंपनीचं यूजरनेम-पासवर्ड टाकावं लागतं ती) तो १४१२ करा, तरीही अडकलं तर १३८०.

एक गोष्ट लक्षात ठेवा: या रचनेत माहिती क्लाउड सर्व्हरवर उकलून पुन्हा बंद होते. रुग्णांचे रिपोर्ट असल्यामुळे लॅबचं सॉफ्टवेअर ब्राउझरवर चालत असेल तर एचटीटीपीएसही (ब्राउझर ते सर्व्हर माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) हवंच. संगणक बघणारं माणूस हाताशी नसेल, तर आम्ही टेलस्केलसारखी तयार सेवा घ्यायला सांगू. तीही वायरगार्डवरच चालते, खासगी किल्ल्या तुमच्याच यंत्रांवर राहतात आणि नोकरी सोडून गेलेल्याचं यंत्र एका जागेवरून काढता येतं.

प्रश्न: अंधेरी आणि ठाण्यात एकेक डेटाबेस सर्व्हर आहे. मधली लाइन तुटली आणि दोन्हीकडे स्वतंत्र बिलं बनली. असं का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर: दोघांनाही वाटलं की समोरचा मेला, म्हणून दोघेही स्वतंत्र काम करू लागले. लाइन तुटल्यावर कुणी काम चालू ठेवायचं हे सर्व्हरच्या बहुमताने ठरवावं लागतं. दोघांत बहुमत म्हणजे दोन्ही मतं; त्यामुळे तिसरा साक्षीदार सर्व्हर लागतोच. तो छोटा चालेल, पण वेगळ्या जागी, वेगळ्या लाइनवर हवा. तीन असले तर एक पडलेला चालतो, पाच असले तर दोन. चार घेऊन फायदा नाही, तिथेही एकच पडलेला चालतो. सध्या ठाण्याचा सर्व्हर थांबवा, दोन्हींचा बॅकअप घ्या आणि लाइन तुटल्यानंतरची बिलं क्रमांकानुसार हाताने जुळवा. ती जुळेपर्यंत दोन सर्व्हरमधलं सिंक (माहिती आपोआप सारखी करणं) चालू करू नका, नाहीतर एका बाजूची बिलं पुसली जातील.