आजींची वही टाइप करताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आजी सत्तरीनंतर आपल्या आठवणी लिहायला बसल्या आणि वही टाइप करायचं काम तुझ्याकडे आलं, हे छान झालं. मात्र त्यांच्या लिखाणाला सगळ्यात मोठा धोका तुझ्या शुद्ध मराठीचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली तीन-चार पानं निबंधासारखी येतील. 'आमचे बालपण रम्य होते, माणसे प्रेमळ होती.' चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला लिहिणं म्हणजे निबंध एवढंच माहीत असतं, म्हणून हात तिकडे वळतो. ती पानं बाजूला ठेव, त्यांना काही बोलू नकोस. 'लहानपणाबद्दल लिहा' म्हणालीस तर पुन्हा निबंधच येणार. त्यापेक्षा विचार: सकाळी चूल कोण पेटवायचं, पाणी कुठून आणायचं, किती घागरी, सासूसमोर काय बोलायचं नाही. एका प्रश्नाला एक पान पुरे. आजींनी वहीच्या उजव्या पानावरच लिहायचं. डावं पान मागून आठवलेल्या गोष्टींना आणि तुझ्या पेन्सिलीतल्या प्रश्नांना.

हात दुखत असेल तर फोनवर रेकॉर्ड कर, पण समोर तू बस. नुसत्या फोनपुढे माणूस भाषण ठोकतो. पंखा बंद, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला तासभर धर. बोलून टाइप करायची सोय वापरू नकोस; ती 'व्हतं'चं 'होतं' करून मोकळी होते आणि तुझ्या लक्षातही येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ बिनधास्त सुधार. 'पाणि'चं 'पाणी' झाल्यानं आजींचं काही जात नाही. शब्दाचं रूप मात्र त्यांचंच राहू दे. 'गेल्ती', 'म्हनली', 'कोन' असं बोलत असतील तर तसंच, आणि शेवटपर्यंत तसंच. त्यासाठी अशा शब्दांची यादी एका कागदावर करून समोर ठेव. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी उतरवून ठेवली आणि 1952 साली ती पुस्तकात आली. सोपानदेव स्वतः कवी, तरी आईची बोली त्यांनी पुस्तकी केली नाही.

अर्ध्या पानावर 'केले, गेले' आणि पुढे 'केलं, गेलं' असा घोळ हमखास होतो. नियम शोधत बसू नकोस. आजींना मोठ्यानं वाचायला सांग, तोंडातून जे येईल ते ठेव. टाइप केलेलंही त्यांच्याकडूनच वाचून घे. जिथे अडखळतील तिथे बहुधा तू दोन छोटी वाक्यं 'ज्यामुळे' घालून जोडलेली असतील. तोड ती. 'करण्यात आले' दिसलं तर तेही तुझंच; आजींच्या घरात कुणीतरी काहीतरी करायचं, करण्यात येत नव्हतं.

कापायचा असेल तर 'मग' काप. बोलताना तो दर वाक्याला येतो, कागदावर तिसऱ्या वाक्याला एक पुरतो. लग्नाची हकिगत चालू असताना मध्येच म्हैस आली तर ती उचलून 'जनावरे' नावाच्या प्रकरणात टाकू नकोस. आधी विचार. कदाचित तीच म्हैस विकून मांडव घातलेला असेल. अनोळखी शब्दाचा अर्थ कंसात देऊ नकोस. 'उतरंड' कळणार नाही असं वाटलं तर ती कुठे असायची, तिच्यात काय ठेवायचं, एवढं विचार. एका वाक्यात त्या सांगून टाकतील.

भावकीच्या भांडणाची पानंही टाइप कर, पण वेगळ्या फाइलमध्ये. ती कुणाला दाखवायची हे आजी ठरवतील. तू नाही, मामाही नाही. पहिली प्रत सोळा पॉइंटात काढ, ओळींत दीडपट अंतर ठेव आणि सोबत लाल पेन दे. चष्मा लावून त्या स्वतः खोडाखोड करतील.

कळावे,
काका