वाचक विचारतात : जुने इंजिन पुन्हा रुळावर

प्रश्न : तीसेक वर्षे खोक्यात पडून असलेले मॉडेल रेल्वेचे, एचओ (म्हणजे १:८७) मापाचे डिझेल इंजिन हाती आले आहे. वीज दिली की दिवा लागतो, मोटर गुणगुणते, पण चाके हलत नाहीत. मोटर जळली असेल का?

उत्तर : गुणगुणते आहे म्हणजे वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे. अशा इंजिनात बहुधा दोषी असते ते ग्रीस. ते वर्षानुवर्षे वाळून मेणासारखे घट्ट होते आणि गिअर जागीच धरून ठेवते. म्हणून व्होल्टेज वाढवून जबरदस्ती करू नका. अडकलेली मोटर खूप प्रवाह ओढते आणि मग तिची गुंडाळी खरोखरच जळते.

बॉडी उतरवा, मोटर व बोगी (इंजिनाखालचा चाके-गिअरचा संच) जोडणारे दांडे सोडवा आणि फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचे जड चाक) बोटाने फिरवून पाहा. ते मोकळे फिरले तर अडचण बोगीत आहे. बोगी उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा, कारण बारीक वॉशर कोणत्या बाजूचा होता हे नंतर हमखास विसरते. गिअर ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून मऊ टूथब्रशने घासा, दातांच्या खाचा टूथपिकने मोकळ्या करा. पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकला चालणारे हलके तेल सुईच्या टोकाने प्रत्येक बेअरिंगला एक थेंब द्या, वर्म गिअरला (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरला) ग्रीसचा पातळ थर. याहून जास्त नको. जादा तेल कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर) जाऊन कार्बनच्या भुकटीत मिसळते आणि मोटर अडखळू लागते.

कम्युटेटर काळा पडला असेल तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पट्ट्यांमधल्या फटी लाकडी टोकाने साफ करा. पॉलिश पेपर नको, त्याच्या चऱ्यांनी मोटरचे ब्रश (कम्युटेटरला टेकणारे कार्बनचे तुकडे) झिजतात. मोटर उघड्या सांगाड्याची असेल तर आर्मेचर (गुंडाळीचा फिरता भाग) बाहेर काढू नका. जुना अल्निको मिश्रधातूचा चुंबक त्याने कमजोर होतो, आणि मग तीच मोटर जास्त प्रवाह घेऊन कमी ओढते.

चालू झाल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ आवाज आला तर आसावरचा प्लॅस्टिक गिअर भिंगातून पाहा. प्लॅस्टिक आक्रसल्याने तो उभा चिरतो आणि तिथे दोन दातांमधले अंतर वाढते. गोंदाने तो टिकत नाही, कारण आसावरचा ताण तसाच राहतो. नवा गिअर बसवणे हाच उपाय. सांगाड्याचे जस्तमिश्रित ओतीव धातूकाम फुगून तडकले असेल तर तो भाग दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

प्रश्न : त्यातच डिजिटल डिकोडर (रुळांतून येणारे आदेश ओळखून मोटर व दिवे चालवणारे छोटे सर्किट) बसवावा म्हणतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी ते साध्या १२ व्होल्ट डीसीवर मंद गतीला न थांबता चालू द्या, डिकोडर नंतर. अनेक जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो. तसेच डिकोडर जोडला तर तो क्षणात जातो. मोटर सांगाड्यापासून पूर्ण वेगळी करून मल्टिमीटरने तपासा : कोणत्याही ब्रशपासून चाकांपर्यंत किंवा सांगाड्यापर्यंत जोड दिसता कामा नये. मग मोटरचा दांडा क्षणभर बोटांनी धरून १२ व्होल्टला किती प्रवाह लागतो ते मोजा. डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी. लाल व काळी तार रुळांसाठी, नारिंगी व करडी मोटरसाठी. एलईडी लावताना मालिकेत साधारण १ किलोओहमचा रोधक विसरू नका.

प्रश्न : जुना रंग काढून नवी रंगसंगती करायची आहे. थिनर चालेल?

उत्तर : नाही. थिनर किंवा अॅसिटोन लावले तर बॉडीच विरघळते. वर सांगितलेले अल्कोहोल वापरा, पण आधी आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहा. बॉडी बुडवल्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी ब्रशने घासा. रात्रभर ठेवली तर काही प्लॅस्टिक ठिसूळ होते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा आणि रंगाचे अनेक पातळ थर द्या, कारण एका जाड थरात रिव्हेटचे बारीक उंचवटे बुजतात. डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरे व चिन्हे) लावण्यापूर्वी चकचकीत क्लिअर कोट आवश्यक आहे. खरखरीत पृष्ठावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडा रुपेरी दिसतात. डिकॅल पूर्ण वाळल्यावरच मॅट कोट द्या.