रुपया कुठल्या खान्यात पडतो

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तू युनियनच्या कमिटीवर निवडून आल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं, आणि खरं सांगतो, दोन घास जास्त गेले. इन्स्पेक्शनला काम करणारी मुलगी कमिटीत बसते हे आमच्या वेळी कुणाला सुचलंही नसतं. पुढच्या सोमवारी गेट मीटिंग आहे आणि भाषण कसं करू, असं तू विचारलंस. भाषणाचं मागाहून बघू. आधी तुझी गेल्या महिन्याची पगारस्लिप काढ, जेवणाच्या टेबलावर ठेव आणि मग हे पत्र पुढे वाच.

मालक तीन वर्षांत मिळून 3,000 रुपये वाढवायला तयार आहे म्हणे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मधल्या मापाच्या कारखान्याला हा आकडा काही वाईट नाही. पण स्लिपवर बघ: बेसिक एक खाना, डीए म्हणजे महागाई भत्ता दुसरा, मग घरभाडं, धुलाई, रात्रपाळी, हजेरी बक्षीस आणि शेवटी तो ‘स्पेशल’ नावाचा गोणपाट, ज्यात काहीही भरता येतं. हे 3,000 बेसिक-डीएत पडले तर ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेला, दर वर्षाच्या नोकरीमागे 15 भागिले 26 च्या हिशेबाने (26 दिवसांच्या महिन्यातले 15 दिवस) साधारण 1,731 रुपये वाढतात. वीस वर्षांची नोकरी झालेल्या माणसाला 34,615 रुपये. स्पेशलमध्ये पडले तर जुन्या कायद्यात ग्रॅच्युइटीच्या हिशेबात शून्य. पीएफचंही तसंच. मालकाचे बारा टक्के म्हणजे महिन्याला 360 रुपये, अर्थात त्याने 15,000 च्या पगारमर्यादेवर हिशेब थांबवला नसेल तर. सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलंय. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तर भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. पण निम्म्यापर्यंत खेळायला मालकाला जागा आहे, आणि त्याचा अकाउंटंट तिथेच खेळणार.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या ओतकामाच्या कारखान्यात (फाउंड्रीत), नाव घेत नाही, एक करार झाला तेव्हा रात्री साडेदहाला सह्या झाल्या. बाहेर पोरं गुलाल घेऊन उभी होती. मोल्डिंगच्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीला खांद्यावर घेऊन आम्ही गेटपासून चहाच्या टपरीपर्यंत नाचलो. करार कानडीत टाईप केलेला. आमच्यातल्या निम्म्यांना कानडी बोलता येत होतं, लिपी मात्र कुणालाच येत नव्हती. साहेबाने वाचून दाखवलं, त्यात ‘भत्ये’ हा शब्द आला, आम्ही म्हटलं, झालं, डीए वाढला.

आठ वर्षांनी तोच मिस्त्री रिटायर झाला. ग्रॅच्युइटीचा कागद घेऊन कँटीनमध्ये आला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरून उभा राहिला. हाताच्या भेगांतली भट्टीची काजळी अजून गेली नव्हती. रक्कम अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. बैलहोंगलचा एक नवा कानडी पोरगा तेव्हा कोअर शॉपला होता, त्याला मी जुना करार वाचायला दिला. त्याने बोट ठेवून सांगितलं, “अण्णा, इदु तुट्टी भत्ये अल्ल, विशेष भत्ये.” तुट्टी भत्ये म्हणजे महागाई भत्ता. विशेष भत्ये म्हणजे तो गोणपाट. सह्यांमध्ये तिसरी सही माझी होती.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो: कराराचा मसुदा हातात पडला की त्या रात्री सही करायची नाही. साहेब म्हणेल, आत्ताच करा, उद्या मालक मुंबईला चाललेत. जाऊ दे मुंबईला. कागदाचा फोटो काढ, कानडी वाचणाऱ्या दोन सहकाऱ्यांना वेगवेगळा दाखव, आणि कराराच्या शेवटी ‘कामगार प्रतिनिधींना मराठीत वाचून व समजावून सांगितला’ अशी ओळ घालून घे. मराठी प्रत जोडली तर उत्तमच. भाषेचा हट्ट म्हणून हे सांगत नाही. माणूस कशाखाली सही करतो ते त्याला कळायला हवं, एवढंच.

डीएबद्दल थोडं बारीक सांगतो, इथे चांगले चांगले फसलेत. शिमल्याचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक दर महिन्याला काढतं. आता त्याचा पाया 2016 = 100 आहे, पूर्वी 2001 = 100 होता. दोन्ही जोडायचा गुणक 2.88. म्हणजे नव्या मालिकेतला एक पॉइंट जुन्या मालिकेतल्या जवळजवळ तीन पॉइंटांएवढा. समज, तुमच्या जुन्या करारात ‘दर पॉइंटला महिना 2 रुपये’ असं आहे आणि मालिका कुठली ते लिहिलेलंच नाही. निर्देशांक नव्या मालिकेत 5 पॉइंट वाढला. अकाउंटंट म्हणेल 5 गुणिले 2, दहा रुपये. खरा हिशेब 5 गुणिले 2.88, म्हणजे 14.4 पॉइंट, 28 रुपये 80 पैसे. हे अठरा रुपये ऐंशी पैसे दर महिन्याला, दर माणसाला, आणि पुढे साठत जाणारे. कुणी चोरी केली असंही म्हणता येत नाही, कारण कागदावर काही लिहिलेलंच नाही. तेव्हा मालिका, पायाचं वर्ष, गुणक आणि कुठल्या महिन्यांची सरासरी धरायची, या चारही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घे. सरकारी किमान वेतनातला बदलता भत्ता इथे कर्नाटकात दर 1 एप्रिलला बदलतो. ती वेगळी गोष्ट. पण काही मालक ती सरकारी वाढच करारातली वाढ म्हणून दाखवतात, म्हणून दोन्ही वेगळ्या ओळीत मांडायला लाव.

मागणीपत्र कशावर उभं करायचं, तर घरखर्चावर. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मापं घालून दिली: एका कमावत्यामागे, त्याचं स्वतःचं धरून, तीन मोठ्या माणसांएवढं खाणं धरायचं, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, इंधन-दिवाबत्ती वगैरेला वीस टक्के. पुढे 1991 च्या रेप्टाकोस ब्रेट निकालात सुप्रीम कोर्टाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यासाठी आणखी पंचवीस टक्के त्यात घातले. आता हा तक्ता पुरुषांकडून कधी नीट होत नाही, त्यांना तूरडाळीचा भाव विचार, छताकडे बघतात. तू इन्स्पेक्शनच्या आणि पॅकिंगच्या बायकांना बसव. खडेबाजारातल्या वाण्याची खरी बिलं, शाळेची फी, गॅस, बसपास. सहा घरांचा तक्ता खऱ्या बिलांसह टेबलावर ठेवलास तर मालकाला ‘एवढे कशाला लागतात’ म्हणायला जड जातं.

कोल्हापूरचं उदाहरण मात्र जपून दे. तुझा मामेभाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे, त्याला जास्त मिळतात, हे मला माहीत आहे. पण पगाराची तुलना कोर्टात ‘उद्योग आणि प्रदेश’ धरून होते: त्याच धंद्यातला, त्याच भागातला, साधारण तेवढ्याच ताकदीचा कारखाना. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं आणि किमान वेतनाचं नोटिफिकेशन बदलतं. माछे, होनगा, नावगे इथल्या फाउंड्र्यांचे चार करार मिळव, त्यांचं वजन कागलच्या दहांपेक्षा जास्त पडेल. तो मामेभाऊ आणखी एक सांगेल, “सरळ यूएलपी टाका की,” म्हणजे मालकाच्या अनुचित वागणुकीविरुद्धची तक्रार. तो कायदा महाराष्ट्राचा, 1971 चा. इथे तो नाही. आमचे एक पुढारी त्याच्या भरवशावर तीन महिने फिरले.

बोलणी फिसकटली तर घाबरू नकोस, कामगार खात्याकडे जा. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आणि कँटीनमध्ये मालकाशी परस्पर केलेला करार यांत मोठा फरक आहे. परस्पर केलेला फक्त सही करणाऱ्या दोन पक्षांना बांधतो. अधिकाऱ्यासमोरचा सगळ्या कामगारांना, दुसऱ्या युनियनच्या माणसांनाही आणि उद्या कामाला लागणाऱ्यालाही. जुन्या कायद्यातल्या कलमावरून लोक अजून त्याला ‘बारा-तीनचा करार’ म्हणतात. औद्योगिक संबंध संहितेत कलमांचे आकडे बदलले, फरक तोच राहिला. तिथला अधिकारी न्याय देत नाही, समेट घडवतो. त्यामुळे त्याच्यासमोर रडण्यात किंवा ओरडण्यात अर्थ नाही, आकडे दे. सुनावणीच्या तारखेला मालकाचा माणूस आला नाही तर तसं रोजनाम्यात लिहायला सांग.

संपाचं पोरांच्या डोक्यात लगेच येतं. आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त लोकांनी मिळून रजा टाकली तरी तो संपच धरतात. ‘नुसती रजा टाकतोय की’ ही पळवाट बुजली. दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, नोटीस न देता काम सोडलं तर मालक आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. संप कधीच करू नये असं मी म्हणत नाही, मी दोनदा केलाय. एकदा जिंकलो. दुसऱ्यांदा एकविसाव्या दिवशी लोक मागच्या दाराने आत जायला लागले, आणि मी त्यांना दोष देऊ शकलो नाही, कारण माझ्या घरातही पीठ संपलं होतं.

अजून एक. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेट मीटिंग ठेवू नकोस. मी स्वतः 1 नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला, दंडावर काळी फीत लावून फेरीत चालतो, ते सोडणार नाही. पण त्याच आठवड्यात बैलहोंगल-कित्तूरची पोरं कर्नाटक राज्योत्सवाचा पिवळा-लाल झेंडा बांधतात, आणि आमच्या मॅनेजरने एकदा बरोबर त्याच दिवसांत ‘मराठी कमिटी’ असा शब्द शॉपमध्ये सोडून दिला होता. चार दिवसांत सभा दुभंगली. तुझ्या बाजूला बसायला कमिटीत एक कानडी माणूस हवाच, शोभेला नव्हे. त्याला मसुदा वाचायला दे, बोलायलाही दे. कंत्राटदाराकडच्या बिहार-ओडिशाच्या पोरांचंही मागणीपत्रात दोन ओळींत आलं पाहिजे. भट्टीसमोर तीच उभी असतात.

रविवारी चारनंतर मी घरी आहे. येताना प्रत्येक डिपार्टमेंटची एक, अशा सहा पगारस्लिपा आण, आणि मागचा करार आण, झेरॉक्स चालेल, पण सगळी पानं हवीत, शेवटचं परिशिष्टसुद्धा. कानडी वाचणारा एखादा सहकारी रिकामा असेल तर त्यालाही घेऊन ये. काकूला सांगितलंय, तिखट आंबोळ्या होतील.

तुझा,
काका

ता.क. भाषण पाच मिनिटांचं कर. पहिल्या मिनिटात 28 रुपये 80 पैशांचा हिशेब सांग.