प्रयोग फसत असताना सतार वाजवावी का?

संशोधन करणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: "प्रयोग होत नसताना छंद जोपासणं म्हणजे कामचुकारपणा नाही का?" दिल्लीत पीएचडी करणारी एक मुलगी हेच घेऊन ऑनलाइन भेटली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

तिचा विषय मलेरियाच्या परजीवीची जनुकं. आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या फाल्सिपेरम या परजीवीमध्ये केल्च-13 या जनुकात बदल झालेले असतात, हे 2014 मध्ये पुढे आलं. तसाच एक बदल क्रिस्पर या जनुक बदलायच्या तंत्राने मुद्दाम घडवायचा आणि औषध कितपत चालतं ते पाहायचं, हे तिचं काम. हा परजीवी तांबड्या पेशीत साधारण 48 तासांत एक फेरा पुरा करतो. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. मीडिया (परजीवी वाढवायचं पोषक द्रव) बदला, स्लाइडला गिम्सा हा रंग लावा, मोजा.

"कसली सतार ताई, वेळच नाही." मिरजेहून आणलेली सतार गवसणीत होती. बोटांवरचे घट्टे पार गेले होते. तिने हात कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला.

मी आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली. जनुक बदलायचा प्रयोग केला की बदललेले परजीवी दिसायला तीन-चार आठवडे सहज जातात, कधी दिसतही नाहीत. तोवर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले परजीवी, सांभाळण्यापलीकडे हातात फारसं काही नसतं. ही मात्र रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये बसून तीच स्लाइड पुन्हा पुन्हा बघायची. आणि सतार बंद झाली होती ती पहिला प्रयोग फसला त्याच आठवड्यात. वेळ तर होता. तिने स्वतःला शिक्षा ठोठावली होती. गुण कमी पडले की टीव्ही बंद, ही घरची रीत हुशार मुलं पुढे आपणच आपल्यावर चालवतात. मला हे फार दिसतं.

झोप, जेवण विचारलं, ते ठीक होतं. नसतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

"परजीवी आले की वाजवेन" ही अट तेवढी काढायला लावली. रविवारचा मीडिया लॅबमधल्या मित्राशी वाटून घ्यायचं ठरलं. गाईडना सांगायची तिला धास्ती होती. ते एवढंच म्हणाले, "कल्चर मरू देऊ नका म्हणजे झालं."

त्या खेपेलाही परजीवी आले नाहीत. ती रडली, रियाज मात्र चुकवला नाही. आता गाईडसोबत बसून डीएनएची रचना नव्याने करायला घेतलीय. तारा दिल्लीतच बदलायच्या की मिरजेला, यावर आईशी वाद चालू आहे.